हरळीचा उतार

१२ मे, रविवार

तलाठी आज दाराला कागद चिकटवून गेला. घरामागचा उतार धोक्याचा झाला आहे, जून लागायच्या आत सुरक्षित जागी हलावं, असा मजकूर. आक्काला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दाराला खळ लावलीया का डिंक? निघंल न्हवं?" बस्स, एवढंच.

कागदाचा दोष नाही. उताराचाही नाही. पूर्वी तिथं करवंदीच्या जाळ्या होत्या, वर दोन हिरड्याची झाडं होती. शाळेतून येताना आम्ही तिथं बसून कविता घोळवायचो, पुस्तकातल्या डोंगराचं चित्र आणि समोरचा डोंगर मला एकच वाटायचा. तीन वर्षांमागं रस्ता रुंद करताना यंत्रानं तो खालून कापला. आता नुसती उभी तांबडी माती, अंगावरचं कातडं सोलल्यासारखी. मागल्या पावसात चिखल उतरून आक्काची न्हाणी बुजली.

आक्काचा मुलगा शंभूराज पलटणीतून सुटून मलकापुरात राहतो. दर आठवड्याला फोन करतो. "मामा, आईला घिऊन या. तुमी बी या. घर मोठं हाय." आक्का म्हणते, न्हाई. तिचा गुडघा दाखवायचा आहे, तरीही न्हाई. नवरा गेला तेव्हापासून ती या घरात एकटीच राहिली. मी सांगलीचं बिऱ्हाड मोडून आलो तो मागल्या दिवाळीत, माझी ही वारल्यावर. दोन ट्रंका घेऊन. एकीत कपडे, दुसरीत शाळेतली कवितेची पुस्तकं. आक्कानंच मला या घरात वाढवलं, ती पुस्तकं तिच्या भांगलणीतून आली होती. ती दुसऱ्याच्या रानात वाकून तण काढायची आणि मी ओसरीवर बसून चालीवर म्हणायचो.

या वयात तिला घरातून उपटली तर ती जगायची नाही. उतार थांबवला पाहिजे. कसा, ते ठाऊक नाही.

१६ मे, गुरुवार

ठाऊक झालं असं वाटलं होतं. सांगलीच्या हळदपेठेत उभा जन्म दिवाणजी म्हणून काढला, पोत्यांच्या थप्प्यांत. माती धरायला गोणपाटासारखं काय आहे? तालुक्याला जाऊन जुनं बारदान आणलं, उसवून उतारावर अंथरलं, दगड ठेवले. काल दुपारी वळवाची एकच सर आली. बारदान भिजून जड झालं आणि दगडांसकट घसरत परसात आलं. वर माती होती ती पण घेऊन आलं.

शेजारचा केरबा शेळ्या घेऊन उभा होता. "नानासो, डोंगराला लंगोट नेसवलासा. त्यानं सोडला."

मी बारदान गोळा करू लागलो. आक्का चुलीपुढं हसली, मला दिसलं. मलाही मग हसू आलं. रात्री दोन भाकरी खाल्ल्या, कामानं भूक लागते.

तरी मनातून काही ते जात नाही. उद्या मिलिंदला फोन करतो.

२१ मे, मंगळवार

मिलिंद आला. हा आमच्या पेठेतल्या धनाजीचा मुलगा. धनाजी तोलारी, मी दिवाणजी, आमची मैत्री जेवणाच्या सुट्टीतली. मिलिंद लहान असताना डब्याबरोबर यायचा आणि मी त्याला पोत्यावर बसवून कविता पाठ करून घ्यायचो. आता मृदसंधारणाचा इंजिनिअर आहे, सांगलीत स्वतःची लहान रोपवाटिका आहे.

उतार त्यानं बराच वेळ पाहिला. हातात माती घेऊन चोळली. "काका, विचार बरोबर होता, कापड चुकलं. पोत्याची वीण घट्ट. पाणी वरनं धावतं, खाली कोंब येत नाही. विरळ विणीची जाळी लागते, तागाचीच. पाऊस आधी तिच्यावर आपटतो, जोर मोडतो, प्रत्येक दोऱ्यामागं चिमूटभर माती अडते. त्या चिमटीत गवत धरतं."

केरबा म्हणाला, "ताग म्हंजी आपुन खताला पेरून गाडतो त्यो?"

"त्याचा चुलता म्हणा. हा बंगालकडचा."

मग मिलिंदनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण मला ते आवडलं नाही. जाळी फक्त वरची माती धरते. डोंगर आतून सुटला तर ती काही करणार नाही. आणि ती दोन पावसाळ्यांत कुजून जाते. तोवर मुळांनी काम हातात घेतलं पाहिजे.

"म्हणजे आपण मुळांना मुदत मिळवून देतोय," मी म्हणालो.

"कविताच झाली की, काका."

आक्कानं त्याला ताटावरून उठू दिलं नाही. तांदळाची खीर केली होती. जाताना तो तिच्या पाया पडला आणि ओट्यावर दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत बसली. मला वाटतं त्याच्या आईच्या दुखण्याबद्दल असावं.

२८ मे, मंगळवार

जाळीच्या गुंडाळ्या टेम्पोनं आल्या. वास ओळखीचा. पेठेतलं गोदाम उघडल्यासारखा, फक्त हळद वजा. डोळे मिटून थोडा वेळ उभा राहिलो. केरबा म्हणाला, "नानासो, उभ्यानं झोपू नगा, घसराल."

वर माथ्याला आडवा चर खणला. त्याचा एक उपयोग म्हणजे वरच्या रानातलं पाणी बाजूच्या ओढ्याला वळतं. दुसरा, जाळीचं डोकं त्याच्या कडेला खोल गाडून टाकायचं. मग गुंडाळी खाली सोडायची आणि लोखंडी आकड्यांनी मातीला टाचायची.

दोन पट्टे आम्ही असे ताणले की बोट मारलं तर वाजावेत. केरबानं आयुष्यभर लग्नाचे मांडव घातलेत, त्याला सुरकुती सहन होत नाही. मला पण वाटलं काम देखणं झालं. संध्याकाळी मिलिंदला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. सगळं सोडा. जाळी मातीच्या प्रत्येक खळग्यात टेकली पाहिजे, ओल्या लुगड्यासारखी अंगाला चिकटली पाहिजे. ताणली की खाली पोकळी राहते आणि पाणी गुपचूप त्यातून माती नेतं.

केरबा आकडे उपटताना म्हणाला, "आता आमी मांडव बी ढिला घालायचा म्हणा की. नवरीचा बाप काय म्हनंल?"

१ जून, शनिवार

आज बी पेरलं. नाचणी आणि हरळी. नाचणी चार दिवसांत वर येते आणि माती सावरते, हरळी सावकाश येते पण जमिनीलगत धावत जाऊन गाठी मारते. बियापेक्षा हरळीचे तुकडेच जाळीखाली खोचले.

केरबा हरळीची पाटी हातात घेईना. "नानासो, माझ्या आज्यानं हरळी खणली. बापानं खणली. म्या खणतोय. आनि तुमी म्हणताय लाव. आमच्यात कुनाचं वाटोळं व्हावं वाटलं तर म्हंत्यात, तुझ्या रानात हरळी होईल."

"म्हणूनच लावायची. जी तुला तीन पिढ्या हटली नाही ती पावसाला काय हटेल?"

त्यानं पाटी उचलली, पण आधी इकडं तिकडं बघून घेतलं.

आक्का नव्हती. शंभूराज येऊन तिला गुडघा दाखवायला घेऊन गेला होता. सांजच्या गाडीनं परत आली. डॉक्टर वाटी बदलायची म्हणतात. कधी, विचारलं तर म्हणाली, "बघू."

१५ जून, शनिवार

तीन दिवस झिमझिम. नाचणीचे कोंब दिसू लागले. जाळीच्या चौकडीत एकेक हिरवा ठिपका, पाटीवर पेन्सिलीनं काढल्यासारखा. मी सकाळी वर जातो तो दुपारी खाली येतो. उतारासमोर उभं राहून जुन्या कविता म्हणतो, चालीसकट. कुणी ऐकत नाही ना बघून. केरबाच्या शेळ्या ऐकतात.

स्वतःच्या दोन ओळी पण झाल्या:

तागाचे पांघरूण घेऊन निजला डोंगर माझा,
नको रे पावसा हाक मारू, नको वाजवू बाजा.

आक्काला म्हणून दाखवल्या. "डोंगराला निजीव, आनि तू बी नीज. कवाधरनं खोकतोयस."

संध्याकाळी शंभूराजचा फोन आला. डॉक्टरांनी तारीख दिली आहे वाटतं. आक्का परसात जाऊन बोलत होती, पण तिला वाटतं तेवढा तिचा आवाज हळू नाही. "आता न्हाई रं. दोन येळा खातोय आता. मधी कसा झाला हुता, बघिटलायस न्हवं? ऱ्हाऊ दे पावसाळाभर." गोठ्यातल्या टोणग्याबद्दल बोलत असावी. मध्यंतरी त्यानं चारा टाकला होता खरा. पण टोणग्यासाठी गुडघ्याची तारीख पुढं ढकलणं म्हणजे हद्द झाली. हे घर तिला सोडवत नाही, हेच कारण. टोणगा नुसता निमित्ताला.

२९ जून, शनिवार

हरळी धावू लागली. एका चौकडीतून दुसरीत, सूत ओवल्यासारखी. पावसाचे दोन मोठे दणके होऊन गेले आणि परसात आलेलं पाणी जवळजवळ नितळ होतं. ओंजळीत घेऊन पाहिलं. केरबाही शेळ्या दुसऱ्या अंगाला नेतो आता, न सांगता.

दक्षिणेचा कोपरा तेवढा उघडा आहे, जाळी पुरली नाही. तिथं वाळ्याचे ठोंब लावायचे मिलिंदनं सुचवलं आहे. येत्या आठवड्यात सांगलीला जाऊन आणतो. आक्का म्हणाली, "जाऊन ये. इथलं आमी बघतो."

९ जुलै, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

दोन दिवस सांगलीत होतो. धनाजीकडं उतरलो, कृष्णेच्या घाटावर दोघे बसलो. आज दुपारी वाळ्याची दोन पोती घेऊन उतरलो तर फाट्यावरूनच दिसलं. उतार तांबडा. नाचणी ओळीनं उभी आणि मधली सगळी माती उघडी.

परसात आक्का, शेजारच्या भामाबाई आणि आणखी चौघी, पदर खोचून, खुरपी हातात, चहा पीत बसल्या होत्या. बांधाला हरळीचा ढीग. आक्काचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. "बघ नाना, कसा आरशागत केलाय. काय हरळी माजली हुती. पिकाला उभं ऱ्हाऊ देईना."

त्यांनी उतार भांगलला. बिनमजुरीनं, स्वतःहून. मला आनंद व्हावा म्हणून. खुरपी चालवताना ठिकठिकाणी आकडे निघाले आणि जाळीही उचकटली.

मी ओरडलो. काय बोललो ते लिहीत नाही. अडाणी हा शब्द होता त्यात. भामाबाई उठल्या, "आवं, आमाला काय सपान पडतंय का, हरळी मुद्दाम कोन लावतं म्हनून," असं म्हणून बायकांना घेऊन गेल्या. केरबाला विचारलं, तू होतास ना? तो म्हणाला, "म्या बघिटलं. वाटलं तुमीच सांगून गेलाय. आनि खरं सांगू का नानासो, हरळी निघताना बघून मला बरंच वाटत हुतं."

आक्का चहाचे कप गोळा करून आत गेली.

सगळं संपलं असं वाटतं. कागदाप्रमाणे तिला मलकापूरला पोचवावं आणि मी कुठं तरी खोली बघावी. जेवलो नाही.

१० जुलै, बुधवार

सकाळी उठलो तर घरात कुणी नाही. चुलीवर झाकून ठेवलेली भाकरी. वर पाहिलं, उतारावर आक्का. एक पाय वाकत नाही म्हणून बसून सरकत होती. पदरात कालच्याच ढिगातली हरळी, एकेक तुकडा जाळीखाली खोचत होती.

गेलो. तिच्या शेजारी बसलो. बराच वेळ दोघं नुसतं खोचत राहिलो. मग म्हणालो, "आक्का, काल मी चुकलो."

"तू कशाला? हातच चुकलं. साठ वर्सं हरळी दिसली की हात आपुआप जातो. डोळ्याला इचारत न्हाई." मग थोड्या वेळानं, "भाकरी खाल्लीस?"

"नाही."

"मग मी बी उतरत न्हाई."

उतरलो, खाल्ली, परत चढलो. दुपारी भामाबाई चौघींना घेऊन आल्या. माझ्याकडं न बघता आक्काला म्हणाल्या, "सरक म्हातारे. जलमभर उपाटली, आता लावा म्हंत्यात. मेल्यावर देव इचारंल काय केलंस, तर काय सांगायचं?" पण हात भराभर चालत होते. मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, उपटलेली आहे पण वाळलेली नाही ना? मग धरेल. आकडे दुप्पट ठोका.

आता काही झालं तरी सोडत नाही.

१७ जुलै, बुधवार

धरली. सगळी नाही, पण धरली. नाचणी कमरेला येते आहे. भामाबाई अजून माझ्याशी सरळ बोलत नाहीत, आक्काच्या तोंडून विचारतात, "तुझ्या मास्तराला इचार, वाळा आज लावायचा का उद्या." मी मास्तर कधीच नव्हतो. पण त्यांना दुरुस्त करायची ही वेळ नव्हे.

२५ जुलै, गुरुवार

शाळेत लिहितो आहे. सबंध वाडी इथं आणली आहे.

सकाळपासून पाऊस असा की केरबाचं घर दिसेना. तलाठी आणि पोलीसपाटील घरोघर फिरले. मी इरलं घेऊन उताराच्या पायथ्याला उभा होतो, चर भरून वाहतोय का पाहत. आक्का दारात.

"आक्का, तू हो पुढं. मी आलोच."

"तू आलास की मी निगते."

"तू निघालीस की मी येतो."

केरबा शेळ्या हाकत चालला होता. तो थांबला. "दोघं बी इथंच बसा. म्या येताना दोन हार घिऊन येतो."

शेवटी मीच खाली उतरलो, तिला धरून नेलं. मी नसतो उतरलो तर ती त्या घरात बसून राहिली असती. एवढी ओढ घराची.

शाळा तीच. माझ्या वेळी भिंत मातीची होती, आता रंगवलेली आहे, कवितांच्या ओळी पण लिहिल्या आहेत, पण नव्या. मुलं पेंगताहेत. मी त्यांना आमच्या वेळच्या दोन कविता चालीवर म्हणून दाखवल्या. भामाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. "बरं म्हंतोय की," असं आक्काला म्हणाल्या.

मन सगळं उतारावर आहे.

२६ जुलै, शुक्रवार

दुपारी उघडीप मिळताच केरबा आणि मी गेलो. भीत भीत वळण ओलांडलं.

दक्षिणेचा कोपरा गेला. वाळ्याची मुळं अजून धरलीच नव्हती. तिथली माती खाली येऊन उकिरडा आणि पेंढ्याची गंजी पुरून बसली. पण जाळीचा उतार उभा होता. नाचणी आडवी झाली होती, हरळी चपटी होऊन मातीला बिलगली होती आणि तिच्यावरून पाणी पाझरत होतं, वाहत नव्हतं. घराला ओरखडा नाही.

केरबानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "हरळीच्या आयला," म्हणाला. आजवर तो शिवी म्हणून बोलायचा. आज तसं वाटलं नाही.

तलाठ्यानं फोटो काढले. कागद अजून लागू आहे म्हणाला. पावसाळा संपेपर्यंत उतार टिकला तर वरच्या साहेबांना दाखवतो, मग बघू.

म्हणजे ऑगस्ट काढायचा.

९ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी

आजचं सविस्तर लिहिलं पाहिजे.

काल आक्काचा भावाचा उपवास होता. या वयात कशाला, म्हटलं तर म्हणाली, "भाऊ हाय तवर उपास हाय." आज सकाळी पुरणाची दिंडं उकडली. चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही आणि जमिनीला लोखंड लावायचं नाही, हा आजचा नेम. वाडीत तो कुणी मोडत नाही. शिकलेली मुलंसुद्धा.

पहाटेपासून पाऊस चढला होता. दहाच्या सुमारास पाहिलं तर परसातल्या पाण्याला तांबूस झाक. वर गेलो. माथ्यावरचा चर मधोमध बुजला होता. वरच्या रानाचा बांध फुटून त्याची माती चरात बसली होती आणि ओढ्याला जाणारं सगळं पाणी जाळीच्या डोक्यावरून खाली येत होतं. जाळीची कड उघडी पडायला लागली होती. असंच तासभर चाललं तर डोकं निघणार, आणि डोकं निघालं की सगळी जाळी गुंडाळी होऊन खाली.

खाली धावलो. कुदळ काढली. केरबाला हाक मारली. तो दारात उभा, हातात दुधाची वाटी, वारुळाला निघालेला. "नानासो, आज न्हाई. आजच्या दिशी माती खणून नागाचं पोर मारल्याची गोष्ट तुमाला ठावं हाय. उद्या सूर्य उगवायच्या आत येतो, पाय धरतो."

"उद्या काय उरणार आहे?"

त्याच्यावर राग आला नाही. माझ्याच हातातली कुदळ मला जड झाली होती. त्या गोष्टीची कविता मी तिसरीत म्हटली आहे, ती अंगात आहे. तरी निघालो. पाप लागलं तर मला लागू दे, माझ्यामागं कोण आहे?

आक्का आडवी आली. "कुदळ ठेव."

"आक्का, घर जाईल."

"जाऊ दे. दगडमाती हाय. कुदळ ठेव म्हंते." तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि भिंतीला टेकवली. मग भामाबाईच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिथं बायका पूजेला जमल्या होत्या, नव्या बांगड्या, हातांवर मेंदी. आक्का म्हणाली, "लोखंड लावू ने. खरं हाय. पर वारूळ पुजताना आपुन मातीला हात लावतो का न्हाई? हाताला कुनी न्हाई म्हनलेलं न्हाई. नाग हाताला भीत न्हाई."

भामाबाई म्हणाल्या, "घमेलं चालतंय का?"

"घमेलं बी लोखंडाचंच. पाटी घे येळवाची."

आणि त्या निघाल्या. पावसात, नव्या लुगड्यांनी. आक्का सगळ्यांत मागं, काठी टेकत, मी नको म्हणत असताना. चरात उतरून हातांनी गाळ उपसू लागल्या, बांबूच्या पाट्या एकीकडून दुसरीकडं. मेंदीचे हात कोपरापर्यंत तांबडे. कुणी तरी फेराचं गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं. मी पण उपसत होतो. थोड्या वेळानं माझ्या शेजारी केरबा दिसला. वाटी कुठं ठेवून आला होता कोण जाणे. "हातानं चालतं हे आधी सांगायचं न्हवं का," एवढंच म्हणाला.

पाणी ओढ्याकडं वळलं तेव्हा आवाज बदलला. आधी उतारावरून खळखळ होता, तो थांबला. सगळ्या बायका उभ्या राहून ऐकत होत्या. जाळीची उघडी पडलेली कड आम्ही दगडांनी दाबली. चिखलानं लडबडलेल्या भामाबाई थेट माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मास्तर, हे आमी काय भांगलल्यालं न्हाई बरं का."

आक्काला दोघांनी हातांवर उचलून खाली आणलं. गुडघा सुजून नारळाएवढा झाला आहे. शेक देत बसलो आहे. ती म्हणते दिंडं गार झाली, खाऊन घे.

एक गोष्ट मात्र मनात घोळते आहे. "जाऊ दे, दगडमाती हाय," असं ती घराबद्दल म्हणाली. रागात म्हणाली असेल.

१८ ऑगस्ट, रविवार

आक्का गेली. शंभूराज गाडी घेऊन आला होता, गुडघ्याची तारीख ठरली आहे.

मी भांडलो. "उतार धोक्याचा होता तेव्हा तू हलली नाहीस. आता उतार धरलाय, कागद निघायची वेळ आली, तर निघालीस. मग मी हे केलं कुणासाठी?"

ती गाडीत बसत होती. पाय आत घेताना थांबली. "कुनासाठी बी आसंना. केलंस न्हवं?" मग माझ्याकडं असं पाहिलं, जसं शाळेच्या पहिल्या दिवशी वेशीपर्यंत सोडताना पाहिलं असेल. "भामा रोज येऊन जाईल. डबाभर भात हाय कणगीत. टोणग्याला पाणी दाव."

शंभूराज आरशातून हसत होता. का, कळलं नाही.

दिवसभर घर मोठं वाटलं. संध्याकाळी वर गेलो. दक्षिणेच्या कोपऱ्याचं माप घेतलं. तिथं नवी जाळी लागेल. केरबा येऊन उभा राहिला, बराच वेळ पायानं माती उकरत. "नानासो, माझ्या गोठ्यामागं बी आसंच हाय. थोडी उरंल का? हरळी माझी म्या आणतो, मला काय कमी न्हाई."

मिलिंदला लांबी कळवली.

२५ ऑगस्ट, रविवार

कोपऱ्याचा चर खणून झाला. भामाबाई, केरबा, त्याची सून आणि मी. जाळी ढिली सोडायला आता कुणाला सांगावं लागत नाही, केरबाच सुनेला सांगतो, "ताणू नगं, काय मांडव हाय व्हय?" जुन्या पट्ट्यावरचे तागाचे दोरे काळे पडायला लागले आहेत. एक ओढून पाहिला, तुटला. पण मातीतून काही हललं नाही.

तलाठी येऊन गेला. साहेब दसऱ्यानंतर पाहणी करणार आहेत.

संध्याकाळी आक्काचा फोन. गुडघा झाला, उद्या उभी करणार आहेत. मी तिला उताराबद्दल सगळं सांगितलं, कोपऱ्यापासून केरबाच्या गोठ्यापर्यंत. ती नुसतं हं, हं करत होती. शेवटी विचारलं ते एकच, आज काय जेवलास.

म्हटलं, पिठलं आणि भात. मीच केलं. भूक होती, दोनदा घेतलं.

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. दोनदा हॅलो म्हणालो. रेंज गेली असावी.